न मांडलेला खर्च

गेल्या श्रावणात एका रात्री मी पाठटाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर परदेशप्रवासाचा हिशेब मांडला. त्या दिवशी वर्गात एकच तास शिकवणे झाले होते. उरलेला सारा दिवस कसली तरी माहिती ऑनलाइन भरण्यात, ती परत आल्यावर पुन्हा भरण्यात आणि ‘तातडीचे’ म्हणून आलेल्या निरोपांना उत्तरे देण्यात गेला. घरी आलो तो कोणाशी बोलू नये असे वाटत होते. मी मॅट्रिक झालेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, पण दोन वर्षांत कादंबरीचे एक पान पुढे सरकले नव्हते. अशा वेळी माणूस नकाशा उघडतो.

हिशेब सोपा होता. भारतीय माणसाला नेपाळात जाण्यास पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र पुरते. म्हणजे पासपोर्टचे 1500 रुपये वाचले. आपल्या 100 रुपयांचे तेथे 160 होतात. स्लीपरच्या डब्यातून रक्सौल, सीमा ओलांडून वीरगंज, पुढे बसने काठमांडू. राहायला धर्मशाळा, खायला डाळभात, पाठीवर एक सॅक. पंधरा दिवसांचे सारे मिळून 22,000 रुपये. परदेश इतका स्वस्त असेल असे पुसेगावात बसून कधी वाटले नव्हते. मला त्या रात्री शांत झोप लागली.

सकाळी पत्नीने ते पान पाहिले होते. ती रागावली नाही. चहाचा कप पुढे ठेवीत एवढेच म्हणाली, “अहो, जायची गाडी लिहिलीये. यायची नाही लिहिली.”

विसरलो, असे मी म्हणालो. पण हे खरे होते काय? ज्याने रुपये दोन-दोनशेने मोजले, चहाचेही पैसे धरले, तो परतीचे भाडेच विसरेल? तिच्या त्या वाक्याने माझे मन मला जरा परके वाटू लागले. आणि मग जो प्रश्न कित्येक दिवस डोक्यात आहे, तो तेथून सुरू झाला: थकलेल्या माणसाने दूर निघून जाणे हा प्रवास केव्हा असतो आणि पळ केव्हा?

घर सोडणाऱ्यांचा आमच्याकडे मोठा मान आहे. नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यातली. ते उत्तरेकडे गेले ते थेट पंजाबात. तेथल्या घुमानशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आली. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा आमच्या भागातल्या माणसांची छाती फुगली. पण संतांचे उदाहरण माझ्यासारख्याने घेऊ नये. त्यात एक प्रकारची लबाडी असते. आपल्या कंटाळ्याला आपण त्यांची कफनी घालतो.

त्यापेक्षा धर्मानंद कोसंबी मला जवळचे वाटतात. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. शाळेतले शिक्षण बेताचे, घरची नारळाची बागायत, आणि जीव मात्र संसारात रमेना. एका मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्या धर्माची ओढ लागली. 1899 साली ते बाहेर पडले. पुण्याला संस्कृतासाठी, मग काशीला. तेथे अन्नछत्रात जेवून अध्ययन केले. 1902 साली नेपाळात गेले. तेथे जे शोधीत होते ते मिळाले नाही, म्हणून बुद्धगया, कलकत्ता करीत सिंहलद्वीपास पोहोचले आणि भिक्षू झाले. पुढे ब्रह्मदेश. खिशात काही नसताना इतके देश हिंडलेला मराठी माणूस त्या काळी विरळाच. आज तरुण मुले ज्याला ‘बजेट ट्रिप’ म्हणतात, तिचे हे केवढे मोठे रूप!

पण त्या स्वस्त प्रवासाची किंमत कोणी दिली? गोव्यात त्यांची तरुण पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. कोसंबींनी 1924 सालच्या ‘निवेदन’ या आत्मकथेत आपण त्यांना सोडून गेलो हे दडवलेले नाही. पुढे ते परतले, संसार पुन्हा जोडला, आणि त्यांच्या हातून पाली विद्येचे जे काम झाले त्याचे ऋण महाराष्ट्रावर आहे. तरीही त्या मधल्या वर्षांचा खर्च त्या बाईच्या खाती पडला, आणि तिची खतावणी कोणी छापलेली नाही. मी त्यांना दोष देत नाही. मला तो अधिकार नाही. मला एवढेच दिसले, की माझ्या 22,000 रुपयांतही असा एक रकाना रिकामा आहे. आईची रात्रीची गोळी कोण देणार? माझे तास कोणावर पडणार? सहकारी शिक्षकाला माझ्यापेक्षा कमी पगार आहे आणि त्याच्या घरी नकाशासुद्धा नाही.

तेव्हा जाऊच नये काय? मन लगेच या टोकाला धावते. पण माझ्या घरी बसण्याने दुसऱ्या कोणाचा शीण उतरत नाही. आमचा शेतकरी पेरणी उरकून आषाढीच्या वारीला निघतो, तेव्हा तो पळतो असे कोणी म्हणत नाही. गुराढोरांची सोय लावलेली असते, शेजाऱ्याला सांगितलेले असते आणि परतण्याची तिथी साऱ्या गावाला ठाऊक असते. (विठोबाला भेटून त्याचा कर्जाचा हप्ता चुकत नाही, हे त्यालाही कळते. तरी तो जातो.) वारीचा हा हिशेब मला पटला. सुटी सोडून एकही दिवस घ्यायचा नाही, धाकट्या बहिणीला आईजवळ बोलवायचे, आणि पुढच्या दिवाळीत तिला कोठे जायचे असेल तर घर मी सांभाळायचे. पंधराचे दहा दिवस झाले. पत्नीने वहीत परतीची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिली. तिला चल म्हणालो होतो, म्हणाली, “तुम्ही आधी एकटे जाऊन या. चार दिवस मलाही घर एकटीला हवंय.” हे मात्र माझ्या कोणत्याच रकान्यात नव्हते.

परवा पुण्याहून आलेल्या भाच्याची जुनी सॅक उसनी घेऊन घरी चाललो होतो. वाटेत माझ्या सहावीतला एक मुलगा भेटला. सॅककडे पाहून त्याने विचारले, “सर, तुम्ही कोणत्या कारखान्यावर चाललात?”

त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर पाठीवर सामान बांधले की माणूस कारखान्यावरच जातो, ही त्याच्या घरची रीत. मी म्हणालो, कारखान्यावर नाही, फिरायला चाललो आहे.

“नुस्तं फिरायला?”

“हो.”

त्याने सॅकचे पट्टे ओढून पाहिले. मजबूत आहेत, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. मग म्हणाला, “मंग वापस कधी येणार?”

मी तारीख सांगितली. त्याने बोटांवर काही मोजले.

“तवा आम्ही नसू, सर,” तो म्हणाला. “आम्ही शिमग्याला येतो.”