काळ्या दगडाचे कूळ

खंडाळ्यास, महसूल खात्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनी परवा सहज उद्गार काढले, "आकाशातला काळा धोंडा कुठला, हे तुम्ही नुसत्या उजेडावरून सांगता, आमच्या दफ्तरात वर्णनावरून वारस लावला नसता, फेरफाराची नोंद पाहिली असती." परावर्तित सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावर माझी श्रद्धा असल्यामुळे ते बोलणे मला लागले.

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान खडकाळ पिंड; तेथून परतलेल्या प्रकाशात कोणत्या तरंगलांबी गळाल्या, यावरून त्यांची खनिजे ओळखतात, आणि ही रीत आपल्या दगडावरही पडताळता येते. सह्याद्रीतल्या खंबाटकी घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या, लाव्ह्यापासून बनलेल्या कातळाचा ताजा तुकडा उन्हात धरला, म्हणजे त्याच्या काळसर अंगावर फेल्स्पारच्या बारीक काड्या चमकतात, आणि त्यांच्या शेजारचे पायरॉक्सिन हे खनिज सुमारे १ व २ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश गिळते, म्हणून वर्णपटात त्या जागी खाचा पडतात. यांपैकी पहिली खाच १९७० साली मॅककॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेस्टा या लघुग्रहाच्या प्रकाशात दाखविली, आणि तो दूरस्थ गोलही एके काळी लाव्ह्याने माखला होता, हे अनुमान दृढ झाले. म्हणून व्हेस्टा आमच्या सह्याद्रीचा भाऊबंद ठरतो काय? साम्य निराळे, नाते निराळे.

आद्य लघुग्रह तर कधी वितळलेच नाहीत. पडलेल्या प्रकाशाचा शेकडा चार-पाच भागच परत धाडणाऱ्या त्या कृष्णवर्ण पिंडांच्या वर्णपटात जलसंस्कारित खनिजांची ०.७ मायक्रोमीटरजवळची उथळ खूण कधी दिसते, कधी दिसत नाही. तरीही दगड हाती आल्यावाचून काहीच कळत नाही, असा स्नेह्यांनी पुढे धरलेला आग्रह मला अमान्य होता, आणि तो खोडण्यासाठी मी र्‍युगू या अशाच काळ्या लघुग्रहाचे उदाहरण घेतले. एका यानाने जवळून पाहिलेल्या त्याच्या वर्णपटात जलयुक्त खनिजांची खूण क्षीण होती, म्हणून तो तापून सुकला असावा असा तर्क झाला. परंतु त्याच यानाने डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आणलेल्या त्याच्या मातीत ती खूण ठळक निघाली. घाटातल्या उघड्या कातळावर जशी तांबूस साल धरते, तशी सौरवाताने व सूक्ष्म उल्कांनी तेथील पृष्ठाची कळा पालटली होती. उदाहरण माझ्यावरच उलटले.

मात्र मातीनेही जन्मस्थान सांगितले नाही. कक्षांच्या गणिताने र्‍युगूची वाट लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागातील पोलाना आणि युलालिया या दोन कुळांपर्यंत, म्हणजे प्रत्येकी एका फुटलेल्या पिंडाच्या तुकड्यांच्या समूहांपर्यंत, नेली. आणि त्या कुळांचे दृश्य व निकट-अवरक्त वर्णपट परस्परांशी इतके मिळतेजुळते आहेत, की प्रकाश येथे निवाडा देत नाही. वर्णपट जात सांगतो, वंश सांगत नाही. वंशासाठी कक्षेचा फेरफार तपासलाच पाहिजे, हे स्नेह्यांचे म्हणणे मी आता पुरते मान्य करतो. परंतु त्या हजारो काळ्या पिंडांतून कोणाचा फेरफार काढावयाचा, हे आधी वर्णपटच ठरवितो.