समासातलं प्रश्नचिन्ह

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस माझ्या टेबलावर एक चूक हमखास यायची : 'महाराष्ट्र दीन'. राज्य अजून इतकं गरीब झालेलं नाही, असं पुटपुटत मी दुसरी वेलांटी पहिली करायची. पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात मी २६ वर्षं मुद्रितं तपासली. पंचांगं, स्मरणिका, पोथ्या, लग्नपत्रिका, जे येईल ते. एकदा मात्र 'दीन' हा शब्द ह्रस्व-दीर्घ सगळं बिनचूक असूनही अडला.

एका कीर्तनकार बुवांचं प्रवचनांचं पुस्तक छपाईला आलं होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की मुसलमान आपल्या धर्माला दीन म्हणतात आणि आपण देवाला दीनानाथ, दीनदयाळ म्हणतो. म्हणजे 'मी दीन आहे' हे कबूल करणं, हाच दोन्ही धर्मांचा गाभा. वाचायला फार गोड. बुवांची तळमळही खरी. मजकुरात ढवळाढवळ करायची नाही, शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. मी ते काढलं.

आमच्याकडे खिळे जुळवणारे एक वयस्कर चाचा होते. लहानपणी मदरशात शिकलेले. त्यांना विचारलं, तर त्यांनी रद्दी कागदावर तीन अक्षरं काढली : दाल, ये, नून. म्हणाले, "ताई, जेर-जबर दिले नाहीत तर हे दोन तऱ्हांनी वाचता येतं. दीन वाचलं तर धर्म. दैन वाचलं तर कर्ज. आणि 'यौमुद्दीन' म्हटलं की हिशेबाचा दिवस, न्यायाचा दिवस." मला हसू आलं. त्या शब्दात दिवस होता खरा, पण तो 'यौम'मध्ये होता. 'दीन' ऐकून 'दिन' आठवणारा कान माझा होता.

घरी जाताना मात्र हसू मावळलं, कारण आता मलाच मोह पडला. अरबी 'दैन' म्हणजे कर्ज आणि मराठी 'देणं' म्हणजेही कर्जच! उच्चार जवळचा, अर्थही तोच. शिवाय माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्मतो, असं तैत्तिरीय संहितेपासून सांगत आले आहेत. धर्म म्हणजे देणं फेडणं. बुवांपेक्षा मोठं प्रवचन माझ्या हाती लागलं होतं.

ते टिकलं नाही. 'देणं' हे 'दा' या धातूपासून आलेलं. त्यातला 'ण' प्रत्ययाचा. 'दैन'मधला 'न' मात्र मुळातलाच, अरबी धातूच्या तीन व्यंजनांपैकी तिसरा. दोन वेगळ्या गावांहून आलेले दोन पाहुणे एकाच रंगाचा सदरा घालून मांडवात बसले, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. शब्दांचं भाऊपण दिसण्यावर नसतं, नियमावर असतं. संस्कृतात जिथे 'घ', 'ध', 'भ' तिथे फारसीत 'ग', 'द', 'ब' : घर्म आणि गर्म, धान्य आणि दाना, भ्राता आणि बिरादर. असं पुन्हापुन्हा घडतं, तेव्हा नातं मानायचं.

त्याच कसोटीवर 'दीन'चे खरे सोयरे शोधू लागले. अरबीची बहीण हिब्रू. तिच्यातही दीन म्हणजे न्याय. यहुदी धर्मन्यायालयाला 'बेथ दीन' म्हणतात आणि दानिएल या नावाचा अर्थ 'ईश्वर माझा न्यायाधीश'. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलांची बोली मराठी, पण प्रार्थना हिब्रू. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडी हे दोन्ही 'दीन' आले असतील : मराठी बोलताना गरीब आणि हिब्रूत न्याय.

दुसरे सोयरे पारशी. त्यांच्यात पुरोहित नसलेल्या गृहस्थाला 'बेहदीन' म्हणतात, चांगल्या दीनाचा माणूस. हा दीन इराणी. अवेस्तेत तो 'दएना' असा येतो. अर्थ अंतर्दृष्टी, सदसद्विवेक आणि धर्मही. मेल्यानंतर चौथ्या पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी येतो, तेव्हा त्याची स्वतःची दएना त्याला स्त्रीरूपात भेटते. कर्मं चांगली असतील तर सुंदर, वाईट असतील तर कुरूप. अनेक अभ्यासक मानतात, की अरबी 'दीन'चा न्यायाचा अर्थ हिब्रू-अरबीच्या कुळातलाच आहे आणि धर्माचा अर्थ या इराणी शब्दाकडून आला आहे. म्हणजे अरबीतच दोन सारखे दिसणारे शब्द एकमेकांत मिसळले.

आणि दएनाचं मूळ? पाहणं. इराणी 'द', म्हणजे संस्कृत 'ध' : धी, ध्यान. आपल्या 'दीन'शी, म्हणजे क्षीण होण्याशी, तिचा काही संबंध नाही. हुबेहूब दिसणारा शब्द परका निघाला आणि जराही तसा न दिसणारा रक्ताचा.

बुवा मुद्रितं न्यायला आले, तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, यास्काचार्यांनीसुद्धा एकेका अक्षराच्या साम्यावरून निरुक्ती दिल्या आहेत. भाव खरा असला म्हणजे झालं."

"यास्कांना वेदातल्या शब्दाचा अर्थ उलगडायचा होता, बुवा. परक्या भाषेशी सोयरीक जुळवायची नव्हती. आणि याच युक्तीने लोक व्हॅटिकनला 'वाटिका' ठरवतात. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचं ख्रिस्तपूर्व काळापासूनचं नाव, पण टाळ्या मिळतात. तुम्ही प्रेमापोटी जे करता, तेच दुसरा फुशारकीसाठी करतो. मग त्याला कोणत्या तोंडाने थांबवायचं?"

बुवा गप्प झाले. मीही विषय वाढवला नाही. पण माझं मत तेव्हा पक्कं झालं, ते आजही तसंच आहे. सगळे धर्म एक आहेत की नाहीत, हे मी सांगू शकत नाही. पण ते सांगायला खोटा पुरावा चालत नाही. उद्या कुणी कोश उघडला, की त्या पुराव्याबरोबर सलोख्यावरचा विश्वासही जातो.

शेवटच्या मुद्रितात तो परिच्छेद नव्हता. त्या जागी बुवांनी चार ओळी लिहिल्या होत्या : त्यांच्या गावी सप्ताहाचा मांडव मुसलमान शेजारी घालतात आणि उरुसाच्या रात्री बुवांचं कीर्तन दर्ग्यासमोर होतं. त्या ओळींच्या समासात मला काही लिहावं लागलं नाही.