काट्यावरचं वजन आणि आईचं ताट

पंढरपूर

चि. गौरी हिस,


तुझ्या वहिनीचं बाळ २ किलो ६०० ग्रॅमचं. दवाखान्यात ठीक म्हणाले, आजी 'केवढंसं गं' म्हणते, आणि तुला त्याचे गाल भरलेले दिसतात. मग खरं कोणाचं? तिघांचंही.

अडीच किलोच्या आत भरलं तर बाळ कमी वजनाचं, हा आम्हा नर्सांचा रोजचा हिशोब. पण काटा वजन सांगतो, ते मांसाचं की चरबीचं हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बायका सरासरी ४२ किलोच्या, बाळं २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमूट धरून मापली, तर तिथली चरबी जवळपास राखलेली!

पुढे नाळेतलं रक्तही तपासलं. लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याची बाळं हलकी, तरी त्यांच्यात इन्सुलिन जास्त होतं. लेप्टिन हे चरबीतून सुटणारं संप्रेरक. हलक्या बाळात ते कमी असायला हवं, तेही फारसं कमी नव्हतं. म्हणजे पुढच्या मधुमेहाची बैठक जन्माआधीच घातली जात असावी.

आता तू बायोलॉजीवाली, म्हणून सांगते. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर मात्र ओलांडते. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन करतं, आणि पोटात तेच वाढीचं काम करतं. म्हणून आईची साखर वाढलेली असली की बाळ बरेचदा मोठं भरतं. तेव्हा मोठं बाळ म्हणजे सुदृढ बाळ, हेही धरून चालू नये.

'कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपं जाईल' असं सांगणाऱ्या बायका मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. त्या सहा गावांत मात्र पालेभाज्या, दूध, फळं जास्त खाणाऱ्या आयांची बाळं चांगली भरली. एकूण खाणं किती, याचा तसा संबंध दिसला नाही. आपलं घर माळकरी. मटण-अंडी नाहीत, तर बी-१२ येतं ते दूध-दह्यातूनच. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खोड जास्त आढळली. म्हणून वहिनीला बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारायला सांग. बाळाला सहा महिने अंगावरचंच दूध. बाळसं धरावं म्हणून वरचं काही नको. आणि अंगावर पाजतेय तोवर वहिनीने एकादशी धरली नाही, तर विठोबा रागावणार नाही, हे आजीला माझ्या नावाने सांग.

राहता राहिलीस तू. आईपण तुझ्यापासून लांब आहे, पण शरीराची शिदोरी याच वयात बांधली जाते. उपाशी कॉलेजला जाणं बंद कर, ताटातली मेथी बाजूला सारू नकोस आणि या महिन्यात हिमोग्लोबिन तपासून आकडा मला कळव.

तुझी,
आत्या