ज्ञान कोणासाठी?

विद्यापीठाने ज्ञान ज्ञानासाठी जोपासावे की उद्योगासाठी, हा वाद जुना आहे. मुंडकोपनिषद परा (अक्षर ब्रह्माची) आणि अपरा (वेदांसह इतर शास्त्रांची) असे विद्येचे दोन प्रकार मानते आणि दोन्ही जाणून घ्याव्यात असे सांगते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये परीक्षा घेणारी संस्था म्हणून सुरू झाले. १९३३ मध्ये त्याने रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला. कापडगिरण्यांना लागणारे रसायनशास्त्राचे जाणकार तेथे घडू लागले. आता ठाणे आणि कल्याण येथेही विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत आणि डोंबिवली एमआयडीसीचे रासायनिक कारखाने कल्याणपासून जवळच आहेत.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. २०२० मध्ये डोंबिवलीतील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांतील भीषण स्फोटांत माणसे दगावली. उत्पादन कसे वाढवावे, या संशोधनाला उद्योग पैसा देतो. सांडपाणी कुठे मुरते, रिअ‍ॅक्टर किती सुरक्षित आहे, हे विचारणाऱ्या रहिवाशाकडे मात्र निधी नसतो. त्याचा प्रश्न प्रयोगशाळेत नेणे हेही विद्यापीठाचेच काम ठरते. म्हणून सहकार्य हवे. पण विषय निवडण्याचे आणि निष्कर्ष उघड करण्याचे स्वातंत्र्य गहाण टाकून नव्हे.