वरची पत्ती

लोणंदच्या बाजारात कांद्याची वक्कल लागली की व्यापारी आधी पत्ती बघतो. रंग चढलाय का, पत्ती टिकलीय का. जाणता असला तर दोन-चार कांदे दाबतो, एखादा चिरून बघतो. चाळीस वर्षं मी इथं कांदा घालतोय. वरून लालभडक आणि आत सडका कांदा पाहिलाय, अन् पत्ती गेलेला पण आतून टणक कांदा मातीमोल जातानाही पाहिलाय. कांद्याच्या बाबतीत एवढी अक्कल होती. दवाखान्याच्या बाबतीत मात्र मी जन्मभर वरची पत्तीच बघत राहिलो.

“सरकारी दवाखाना म्हणजे पांढऱ्या गोळ्या आणि वर बोलणी,” हे मी पारावर कितीदा बोललो असेन. जुलाब लागले की खासगीत जाऊन सलाईन लावून घ्यायचो. बाटली टांगली, बिल झालं, की उपचार झाला असं वाटायचं. सरकारी सिस्टरनं दिलेली क्षार-साखरेची पुडी घरी फळीवर पडून राहायची. साध्या जुलाबाला ती पुडी पुरते, हे फार उशिरा कळलं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लाईट रात्रीची होती. चुलत भावाचा पोरगा दारं धरायला गेला आणि बांधावर त्याला घोणस चावली. पाय बघता बघता सुजला. भाऊ म्हणाला, “सरकारीत नेऊ, जवळ आहे.” मी म्हणालो, “तिथं नेऊ नको, पोरगं हातचं जाईल.” मी दहावी शिकलेला, चार अक्षरं लिहिणारा, माझा शब्द घरात चालायचा. त्या रात्रीही चालला.

सरकारी दवाखाना ओलांडून आम्ही काचेच्या दाराच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर प्रामाणिक होता. म्हणाला, “माझ्याकडं सापाची लस नाही. सरकारीत न्या, तिथं मिळेल.” दीड तास गेला होता. परत त्याच दवाखान्याच्या दारात आलो. एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर, एवढीच माणसं. डॉक्टरनं पोराचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, वीस मिनिटं तशीच ठेवली, मग हळूच वाकडी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नव्हतं. लगेच लस सुरू केली आणि 108 ला फोन करून पुढच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडलं.

पोरगं वाचलं. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. लवकर आणलं असतं तर बोटं राहिली असती का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तसं खात्रीनं सांगता येत नाही. पण सापाच्या बाबतीत वेळ घालवायचा नसतो.” भावानं मला आजवर एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर मी वाचायला लागलो. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करायचे. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. त्या 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आल्या. पुढं प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं विंचवाचे रुग्ण वाचू लागले. मी ज्याला नावं ठेवत होतो, तसल्याच एका दवाखान्यात हे काम सुरू झालं होतं.

म्हणून आता सरकारीचे पोवाडे गावेत का? तेही खोटंच. आमच्याच नात्यातली एक बाळंतीण मध्यरात्री एका आरोग्य केंद्राच्या कुलूपबंद दारासमोर जीपमध्ये कळा सोसत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सपाटीवर 30,000 लोकांमागं एक केंद्र असा कागदावरचा नियम. पण आत डॉक्टर नसेल तर ती नुसती इमारत. तिच्यापुढं बावस्करांचं नाव काय कामाचं?

मग खरं काय? दोन्ही खरं. फरक एवढाच, की कुलूप गावभर होतं आणि वाचलेला जीव घरातच राहतो. माझ्या वर्गात पोलिओनं पाय गेलेला एक पोरगा होता. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला. बर्फाची पेटी खांद्याला लावून वाडीवाडी तुडवणाऱ्या सिस्टरला हार घातलेला मी पाहिला नाही. न झालेल्या आजाराची बातमी होत नाही.

आणखी एक टोचतं. ज्यांचा आवाज साहेबाच्या टेबलापर्यंत पोचतो, ते आम्ही सगळे खासगीत गेलो. मागं उरला तो मजूर, ऊसतोड्या. कुलपाबद्दल भांडायचं कुणी? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. फुकटाची किंमत राहत नाही म्हणतात. पण हे फुकट कुठंय? साबणाच्या वडीवर कर आपणच भरतो. आपल्याच चाळीतला कांदा न बघता सडका म्हणायचा, असला हा प्रकार.

आता मी एवढंच करतो. पावसाळ्याआधी दवाखान्यात जाऊन विचारतो, सापाची लस आहे का, रात्री कोण असतं. नसेल तर तिथंच भांडतो, पारावर नाही. कुणी विचारलं, “कुठं नेऊ?” तर जेवढं बघितलंय तेवढंच सांगतो.

पुतण्या अजून दारं धरायला जातो. अंगणातून त्याची लंगडती पावलं वाजली की माझं त्या रात्रीचं बोलणं मला परत ऐकू येतं.