निवडलं कुणी?

पुण्यात लघुपटांचे महोत्सव उदंड झालेत, ही कुरकुर आणि आता असल्या महोत्सवांची गरजच काय, हा सवाल हल्ली एकाच दमात ऐकू येतात. कुरकुर करणारा पोस्टरकडे बोट दाखवतो. फिल्म वीस मिनिटांची आणि पोस्टरवर 'ऑफिशियल सिलेक्शन'च्या डझनभर मुद्रा, दोन बाजूंच्या पानांत बसवलेल्या, दसऱ्याच्या तोरणासारख्या ओवलेल्या. सवाल करणारा खिशातून फोन काढतो. फिल्म इथे आहे, फुकट आहे, मग सभागृहात जाऊन रविवारची सकाळ कशाला घालवायची? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण या दोन विधानांची मोट बांधून 'हे सगळं बंद पडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला साफ चुकीचा वाटतो. गंमत अशी की महोत्सवांचे कैवारी त्याला जे उत्तर देतात, तेही तितकंच चुकीचं असतं. म्हणून आधी घरच्यांशी भांडून घेऊ, मग बाहेरच्यांशी.

कैवाऱ्यांचं पहिलं उत्तर भूगोलाचं असतं. प्रभात कंपनीनं कोल्हापूरहून येऊन १९३३ साली जिथे स्टुडिओ थाटला, तिथेच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. सबब पुणं जाणकारांचं. जाणकारी अशी हवेतून लागत असती, तर तिथल्या लॉ कॉलेज रस्त्याच्या सिग्नलला अडकलेला प्रत्येक दुचाकीस्वार एव्हाना ऋत्विक घटकांवर बोलू लागला असता. दुसरं उत्तर अधिक गंभीर आहे: काळोख, मोठा पडदा आणि आवाज. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा लघुपट घ्या. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीत एका मुलाचं सगळं बालपण दळलं जातं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ती घरघर माशीच्या गुणगुणीएवढी उरते. सभागृहात ती छातीवर बसते. युक्तिवाद खरा आहे, पण तो एका चांगल्या हेडफोनपुरताच टिकतो. मग कैवारी शेवटचं अस्त्र काढतात: सभागृहात फिल्म थांबवता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. प्रेक्षकाचा अंगठा तिथे निरुपयोगी होतो आणि तो फिल्मच्या काळात जगतो. प्रायोगिक लघुपटाला हे अखंड पाहणंच हवं असतं.

हे मलाही पटत होतं. पण या युक्तिवादाच्या आड पुण्यातलाच एक माणूस येतो, तो म्हणजे सतीश बहादूर. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी पिढ्यान् पिढ्यांना सिनेमा पाहायला शिकवलं ते अखंड पाहण्यातून नव्हे. एकच चित्रपट पुन्हा पुन्हा घ्यायचा, प्रसंग सुटे करायचे, शॉट सुटे करायचे आणि ते एकमेकांना कसे धरून आहेत ते दाखवायचं, अशी त्यांची रीत. 'पथेर पांचाली' त्यांनी जितका उलगडला, तितका फार थोड्यांनी उलगडला असेल. आज अंगठ्यानं फिल्म मागे नेऊन तोच शॉट दुसऱ्यांदा पाहणारी विद्यार्थिनी बहादूरांचीच वारस आहे, मग ती बसमध्ये बसलेली का असेना. संग्रहालयाचे पी. के. नायर तर अंधारात टॉर्च लावून वहीत टिपणं घेत, म्हणजे काळोखाचं पावित्र्य त्यांनीही फारसं पाळलं नाही. आणि हेच दोघं कर्नाटकातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम' या नाट्यसंस्थेसाठी रसास्वाद शिकवायला गेले, नायर यांनी तिथे चित्रपट पोचवले आणि सुपारीच्या बागांतल्या माणसांनी कुरोसावाचा 'राशोमोन' पाहिला. तिथे ना मोठं सभागृह होतं, ना जाणकारीची परंपरा. कुणीतरी काहीतरी निवडून आणलं होतं आणि ते का आणलं हे सांगायला समोर उभं होतं, एवढंच.

उलट नुसता पडदा पुरेसा असता, तर आपला देश प्रायोगिक लघुपटाचं नंदनवन झाला असता. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघाली आणि परवान्याच्या अटीनं देशभरच्या चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाबरोबर मान्यताप्राप्त माहितीपट किंवा समाचारपट दाखवणं सक्तीचं झालं. वर त्याचं भाडंही त्यांनीच भरायचं. लघुपटाला असा बांधलेला प्रेक्षक जगात क्वचितच मिळाला असेल. याच सरकारी खात्यात प्रमोद पती यांनी १९६८ साली 'एक्सप्लोरर' केला. कथा नाही, निवेदन नाही, धडाधड आदळणाऱ्या प्रतिमा आणि ध्वनी. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ साली 'आय अॅम ट्वेंटी'मध्ये स्वातंत्र्याच्या वयाच्या मुलामुलींना बोलतं केलं. या फिल्म्सची आज अभ्यासू मंडळी पारायणं करतात. पण त्या काळातल्या सर्वसाधारण प्रेक्षकाची सरकारी रिळाबद्दलची आठवण विचारा: ते संपेपर्यंत बाहेर चहा पिता येत असे. पडदा होता, काळोख होता, हजारो खुर्च्या होत्या. 'हे तुम्हाला का दाखवतोय' असं सांगणारं मात्र कुणी नव्हतं; होतं ते फक्त कलम.

तेव्हा माझी भूमिका बदलून सांगतो. सभागृह हा मुद्दाच नाही. दुव्यावर पाठवलेल्या फिल्ममध्ये फिल्म पूर्ण असते; नसतो तो निवडणारा. आपल्याकडे 'निवडणं' हा शब्द आधी सुपातल्या तांदळाशी जोडलेला आहे. खडा राहिला तर जेवताना दाताखाली येतो आणि निवडलं कुणी, हा प्रश्न ताटावरच विचारला जातो. लघुपटांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची सोय आपण मोडून टाकली आहे.

इथे मला आमोस व्होगेलकडे वळायला हवं, आणि जरा जास्तच वेळ थांबायला हवं. नाझी आल्यावर व्हिएन्ना सोडावं लागलेल्या या तरुणानं १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये बायको मार्शियाच्या साथीनं 'सिनेमा १६' नावाची फिल्म सोसायटी काढली. प्रेरणा माया डेरेनची. या बाईनं आदल्या वर्षी स्वतःच एक नाट्यगृह भाड्यानं घेऊन आपल्या प्रायोगिक फिल्म्स लोकांना दाखवल्या होत्या. व्होगेलनं सभासदत्वाची पद्धत ठेवली, कारण खासगी सभासदांपुढे दाखवलेल्या फिल्मला सेन्सॉरची कात्री लागत नसे. ऐन भरात तिचे सात हजारांच्या आसपास सभासद होते. पण मला मोह पडतो तो त्याच्या मांडणीचा. तो एकाच बैठकीत शास्त्रीय फिल्म, माहितीपट आणि अमूर्त प्रायोगिक तुकडा लागोपाठ ठेवायचा. सूक्ष्मजीवांची हालचाल पाहून झालेल्या डोळ्यांसमोर अमूर्त आकार आले, की प्रेक्षकाला ते अमूर्त वाटेनासे होत. आवडीनिवडीप्रमाणे पंगती बसवायला त्याचा ठाम विरोध होता. प्रत्येकाला काहीतरी नकोसं वाटलंच पाहिजे, हा जणू त्याचा नेम. आजचं अल्गोरिदम याच्या नेमकं उलट चालतं. ते तुम्हाला तुमच्यासारखंच आणखी काहीतरी वाढतं.

आणि व्होगेल चुकला. स्टॅन ब्रॅकेजची 'अँटिसिपेशन ऑफ द नाइट' ही १९५८ सालची फिल्म त्यानं 'सिनेमा १६'मध्ये दाखवायला नकार दिला. आज ती प्रायोगिक सिनेमाच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. फिल्मकार चिडले. त्या चिडीतूनही जोनास मेकस आणि त्याच्या सोबत्यांच्या 'फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह'ला १९६२ साली बळ मिळालं. तिचा नियम सोपा: आलेली कोणतीही फिल्म नाकारायची नाही. 'सिनेमा १६' पुढच्याच वर्षी बंद पडली. लोकशाहीवाद्याला इथे मेकसची बाजू घ्यावीशी वाटेल, आणि फिल्मकाराच्या हिताच्या दृष्टीनं मेकस बरोबरच होता. पण प्रेक्षकाच्या बाजूनं पाहा. व्होगेलची चूक साठ वर्षांहून अधिक काळ लोकांच्या लक्षात आहे, तिच्यावर वाद झाले, तिच्यातून एक संस्था वाढली. चुकीला नाव होतं म्हणून हे घडलं. निनावी चुकीतून काहीही उगवत नाही.

आता पुण्यातल्या स्पर्धाळू महोत्सवाकडे वळू. ऑनलाइन अर्ज, एन्ट्री फी, विभागांची लांबलचक यादी, शेवटी सन्मानचिन्ह. परीक्षकांची नावं असतात, कारणं नसतात. प्राथमिक फेरीत तर नावंही नसतात. ज्याची फिल्म लागते तो मित्रमंडळींसह येतो, आपली फिल्म झाली की टोळी चहाला जाते. यावर मी एकेकाळी सरसकट म्हटलं असतं, की दोष स्पर्धेचा आहे. पण याच शहरात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या ठोकणारी पोरं प्रतिस्पर्धी महाविद्यालयाची एकांकिकाही डोळ्यांत तेल घालून पाहतात. म्हणजे स्पर्धेतूनही प्रेक्षक घडतो. २०२२ साली अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही, असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! परीक्षक निष्ठुर की रास्त, यावर नाटकवाल्यांपलीकडचीही माणसं भांडली. तो निर्णय बरोबर होता का, हा इथे प्रश्न नाही. माणसांनी नावानिशी निर्णय घेतला आणि त्याचे वार अंगावर घेतले. आता कल्पना करा, की एखाद्या लघुपट महोत्सवानं जाहीर केलं, यंदा एकही फिल्म पुरस्काराच्या लायकीची नाही. पानांच्या तोरणाचा अख्खा व्यापार त्या एका वाक्यानं हादरेल, म्हणून ते वाक्य उच्चारलं जात नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप अजून बाकी आहे. निवडणारा म्हणजे शेवटी कोण? प्रभात रस्त्यावरची, पेठांतली, ठरावीक वळणाची अभिरुची. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' अहमदनगरच्या महाविद्यालयातल्या अभ्यासक्रमात घडला आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. शाळेकडे आशेनं पाहणारं पारध्याचं पोर आपल्या पडद्यावर आणायला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या रसिकांनी त्याआधी काय केलं होतं? आक्षेप मान्य. निवडीत जात असते, वर्ग असतो, भाषा असते. पण निनावी निवडीतही ते सगळं असतंच, फक्त त्यावर बोट ठेवता येत नाही. आणि एन्ट्री फी ही तर उघड चाळणी आहे. तिच्या भोकांचा आकार रुपयांत मोजता येतो. यावरचा उपाय म्हणजे निवडणारे अनेक असावेत, बदलते असावेत, नगर-सोलापूर-नांदेडचे असावेत, आणि प्रत्येकानं स्वतःच्या नावानं निवडावं. समितीच्या सरासरीनं नव्हे. सरासरीला शत्रू नसतात, तसे मित्रही नसतात.

नावानं निवडणं धोक्याचंही असतं, हे विसरून चालणार नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवानं २००४ सालासाठी भारतीय फिल्म्सना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा माहितीपटकारांनी एकजुटीनं विरोध केला आणि महोत्सवाच्या दिवसांतच 'विकल्प' नावानं समांतर प्रदर्शन भरवलं. आम्ही हे दाखवणार, आणि दाखवतोय ते आम्ही, असं म्हणायला तिथे माणसं उभी राहिली. पुण्यात 'अरभाट'सारख्या शॉर्ट फिल्म क्लबनं मोजके लघुपट दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, अशी बैठक घालून दिली, तिचं मोलही मला याच कारणासाठी वाटतं. तिथे फिल्मच्या आधी कुणाची तरी पसंती उभी असते आणि फिल्मनंतर ती पसंती प्रश्नांच्या तोंडी दिली जाते.

तेव्हा महोत्सव उदंड झाले म्हणणाऱ्याला माझं सांगणं असं: दहा आणखी होऊ देत, पण प्रत्येकाच्या दारावर एक कागद लावा. आजच्या सहा फिल्म्स, याच क्रमानं का, आणि खाली निवडणाऱ्याचं पूर्ण नाव. पाट्या लिहिण्याचा या शहराला सराव आहे आणि पाटीतली चूक काढण्याचा त्याहून मोठा. ज्या हौसेपायी पुणेकर जगभर बदनाम आहे, तिला एवढं सत्पात्री काम दुसरं मिळणार नाही. आणि फोन दाखवणाऱ्याला एवढंच म्हणावं, की फिल्म घरी जरूर पाहा, थांबवून पाहा, दोनदा पाहा. मग त्या कागदावरच्या माणसाला गाठा आणि विचारा, हा खडा सुपात कसा राहिला?