उंबरठ्यावरचा रोगी

रोग्याचा हक्क त्याच्या गरजेवरून ठरावा, कीं तो ज्या खोलींत पडला आहे त्या खोलीवरून? असा प्रश्न केल्यास कोणीहि सुज्ञ मनुष्य पहिल्या पक्षालाच आपलें मत देईल. तथापि रुग्णालयांची व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्याच तत्त्वावर चालते. अत्यवस्थ मनुष्य प्रथम तातडीच्या विभागांत येतो. तेथें त्याची परीक्षा होते, आणि मग अतिदक्षता विभागांत त्याची रवानगी व्हावयाची. त्या विभागांतील खाटा भरलेल्या असल्या म्हणजे त्यानें आहे तेथेंच वाट पाहावी. त्याचा रक्तदाब मात्र वाट पाहत नाहीं.

अतिदक्षतेचा उगम पाहिला तर त्यांत खोलीला फारसें स्थान नव्हतें. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली, तेव्हां श्वसनयंत्रें अगदींच तोकडीं पडलीं. ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून रोग्यांच्या श्वासनलिकेंत छिद्रावाटे नळी घालण्यांत आली, आणि वैद्यकीचे शेंकडों विद्यार्थी पाळीपाळीनें उशाशीं बसून, हातानें रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले. कित्येकांना तर आठवड्यांमागून आठवडे. एका रोग्यावर एका जागत्या मनुष्याचें अखंड लक्ष, हें ह्या शास्त्राचें बीज. भिंती मागाहून आल्या. आणि भिंती आल्या म्हणजे त्यांच्या अलीकडचे व पलीकडचे असा भेदहि येतो.

हा भेद मोडण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत अ‍ॅन आर्बर येथें झाला. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयानें २०१५ सालीं तातडीच्या विभागांतच ९ खोल्यांचा अतिदक्षता कक्ष उघडला. २०१९ सालीं त्याची फलश्रुति प्रसिद्ध झाली. तातडीच्या विभागांत येणाऱ्या एकंदर रोग्यांपैकीं तीस दिवसांच्या आंत मृत्यु पावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा २.१३ होतें, तें १.८३ वर आलें. पुढें अतिदक्षता विभागांत धाडाव्या लागणाऱ्यांचें प्रमाणहि उतरलें. कित्येकांची निकड कांहीं तासांचीच असते. ही एकाच रुग्णालयांतील पूर्वीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना आहे. तीवरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध झाला, असें तर्कशास्त्राचा साधा विद्यार्थीहि म्हणणार नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. एक परिचारिका एका-दोन रोग्यांपाशीं बांधून ठेविली, म्हणजे ताप आलेलें मूल, मनगट मोडलेली म्हातारी, ह्यांच्या वांट्याचें लक्ष आपण काढून घेत नाहीं काय? आमच्या मतें हा आक्षेप एक गोष्ट विसरतो. खोली नाहीं म्हणून अत्यवस्थ रोगी नाहींसा होत नाहीं. तो तेथेंच असतो, आणि त्याच्याकडे वारंवार धांवणारी परिचारिका धड त्याचीहि होत नाहीं आणि त्या मुलाचीहि होत नाहीं. मात्र जेथें वीस रोग्यांमागें मुळीं एकच परिचारिका, तेथें हें उत्तर लंगडें पडतें. तेथें नवा कक्ष म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी उशापासून उचललेली सेवा होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा ह्यांच्या अर्जावर, आधीं प्राण वांचवावा, कायद्याचे सोपस्कार मागाहून व्हावे, असें ठरविलें. ह्या निर्णयानें जखमी मनुष्याला दारांतून आंत आणलें. आंत आल्यावर त्याच्या उशाशीं कोण बसणार, हें न्यायालयाला ठरवितां येण्यासारखें नव्हतें. तें काम पैशाचा विनियोग करणारांचें.

आणि खरी अडचण तेथेंच आहे. वरील आंकडे जसेच्या तसे मानले तर हजारांत तीन माणसें वांचलीं. पण तीं कोणतीं, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. ज्याचा मुलगा वाट पाहतां पाहतां दगावला, तो बाप आपलें दुःख घेऊन व्यवस्थापकांच्या दाराशीं येऊं शकतो. जो वांचला तो घरीं जाऊन जेवतो, आणि आपण त्या तिघांपैकीं एक आहों हें त्याला स्वप्नांतहि कळत नाहीं. आभार मानण्यास तो येणार नाहीं. अंदाजपत्रकाच्या सभेंत त्याच्या बाजूनें बोलणाराहि कोणी नसतो. नऊ खोल्यांचा खर्च मात्र प्रत्येक सभासदापुढें छापून ठेविलेला असतो.